रेडिएटरचं पाणी चाखणारे मिस्त्री

पाणीमिस्त्रींवर अन्याय झाला तो किंक्रांतीच्या दिवशी, दुपारी तीन वाजता, खामगावात, एका टेबलापुढे. टेबलावर मराठीत लिहिलेला कागद होता आणि मिस्त्रींना मराठी वाचता येत नव्हतं. बोलायचे ते आपल्यासारखंच, अस्सल वऱ्हाडी. पण अक्षर म्हणून जे काही शिकले ते उर्दू, तेही चौथीपर्यंत. त्यांनी त्या कागदाखाली उजवीकडून डावीकडे सही केली. त्याच संध्याकाळी त्यांच्यावर दुसरा अन्याय झाला. तो मी केला. पहिला कुणी केला हे गावाला माहीत आहे आणि गाव गप्प आहे. दुसरा मी माझ्या हातानं इथं लिहून देतो, म्हणजे निदान तेवढा तरी कुणाला नाकारता येणार नाही.

त्यांना पाणीमिस्त्री म्हणत ते एका सवयीमुळे. ट्रक दुरुस्तीला आला की दुसरे मिस्त्री आधी इंजिनाला कान लावतात. हे आधी रेडिएटरचं झाकण उघडायचे, पाणी निवलेलं असलं की त्यात करंगळी बुडवायचे आणि जिभेला लावायचे. मग बाजूला थुंकून निकाल द्यायचे. "हे वरवट बकालचं पाणी हाय. काऊन बे, खोटं बोलून राह्यला? खामगावात भरलं म्हणते!" ड्रायव्हर दात काढायचा, कान धरायचा. एकदा दोघातिघांनी पैज लावून रेडिएटरमध्ये मूठभर साखर टाकून ठेवली. मिस्त्रींनी करंगळी चाखली, चेहरा जराही न बदलता म्हणाले, "आता चहापत्तीबी टाक. घाटात तपली का गाळून पिऊन घेजो." त्या दिवशी शेडभर हशा उसळला आणि सर्वांत मोठ्यानं मिस्त्रीच हसले.

त्यांचं शेड नांदुरा रोडला, कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या भिंतीला लागून. चार टिनांचं छप्पर, खाली तेलानं काळी झालेली जमीन. रस्त्याच्या या बाजूला माझी खोली. तिथं एक जुनं हातानं चालवायचं छपाईचं यंत्र होतं आणि त्यावर मी ड्रायव्हर, क्लीनर, हमाल यांच्यासाठी पत्रकं काढायचो. वय पंचवीस. रोज सकाळी कुणावर तरी संताप आला नाही तर दिवस वाया गेल्यासारखं वाटायचं. चहाला मी मिस्त्रींकडे जायचो, कारण चहा फुकट होता आणि बातम्या ताज्या असायच्या. सगळे त्यांना चाचा म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो. ते मला 'पत्रकवाले' म्हणत.

गास्केट म्हणजे काय हे मला त्यांनीच समजावलं. इंजिनाचा खालचा ठोकळा, ज्यात सिलिंडरची नळकांडी असतात, आणि त्यावरचं जड झाकण, ज्याला हेड म्हणतात, या दोहोंच्या मधात तांब्याचा एक पातळ पत्रा असतो. तेच गास्केट. "तीन सवती एका घरात नांदवते थे," ते म्हणायचे. "आग, पाणी अन् तेल. एकीले दुसरीचं तोंड दिसू देत नाही. अन् गाडी बंद पडली का आपण त्यालेच शिव्या देतो. गास्केट उडालं, गास्केट उडालं! अरे, थे काय पाखरू हाय उडाले? तुमी मारलं त्याले." जुन्या ट्रकचं गास्केट का जातं असं कुणी विचारलं की ते उत्तर देण्याआधी उलट विचारायचे, "माणूस म्हातारपणी काऊन मरते? एका कारणानं मरते काय?"

पण एक कारण त्यांना बाकीच्यांपेक्षा मोठं वाटायचं, आणि ते आपल्या जिल्ह्याचंच होतं. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा, वरवट बकाल त्यातलंच. तिकडं विहीर खोदली तर पाणी लागतं, पण तोंडात धरवत नाही. कापसाच्या हंगामात ट्रक तिकडंच जायचे आणि परत निघताना जवळच्या विहिरीतून दोन बादल्या रेडिएटरमध्ये ओतून घ्यायचे. ते पाणी इंजिनात तापतं, उडतं आणि खार मागं ठेवतं. मिस्त्रींकडे एक बिस्किटाचा डबा होता. त्यात त्यांनी इंजिनांच्या पाण्याच्या वाटांतून खरवडून काढलेल्या पांढऱ्या खपल्या जपून ठेवल्या होत्या. नवा ड्रायव्हर आला की डबा उघडून त्याच्या तळहातावर एक खपली ठेवायचे. "हा मुतखडा हाय. तिकडच्या माणसायले होते तोच गाडीले होते. माणूस कण्हते, गाडी कण्हत नाही. येवढाच फरक." वाट बुजली की पाणी फिरत नाही, पाणी फिरलं नाही की हेड तापतं, तापलेलं हेड वाकतं, आणि वाकलेल्या हेडखाली कितीही नवं गास्केट टाका, ते फुटणारच. त्यांचं सारं शास्त्र एवढंच.

हेड वाकलं की नाही हे पाहायची त्यांची एक रीत होती. उतरवलेलं हेड उलटं ठेवायचं, त्यावर पोलादी पट्टी उभी धरायची आणि पट्टीखालून पतंगाचा कागद सरकवून पाहायचा. कागद सरकला, तर हेड लेथवर नेऊन सपाट घासून आणायचं. एकदा पतंगाचा कागद संपला होता. मी माझ्या पिशवीतून एक पत्रक काढून दिलं. त्यांनी ते दोन बोटांत चोळलं आणि परत केलं. "हे जाड हाय, भाऊ. तुमचं पत्रक ज्या फटीतून जाते त्या फटीतून बैलगाडी जाते. तवा मिस्त्री काय करन?" मला राग आला. ते म्हणाले, "तुमी लय लवकर तपता. आत पाणी भरत जा."

नट आवळताना मात्र ते थट्टा करत नसत. हेडवर नटांच्या रांगा असतात. ते मधल्या नटापासून सुरुवात करायचे आणि आलटून-पालटून बाहेर जायचे, कडेचे सगळ्यांत शेवटी. "भाकर थापतांना बाई मधातून कडेले जाते ना? कडेपासून थापली तर मधात गोळा राह्यते." एकदा हलकं, दुसऱ्यांदा बेतानं, तिसऱ्यांदा पूर्ण, आणि प्रत्येक फेरीनंतर पाना खाली ठेवून चहा. घाई करणाऱ्या ड्रायव्हरला ते दगडावर बसवायचे. आणि काम झाल्यावर शेवटचं वाक्य ठरलेलं: "एक चक्कर मारून परत ये. तपून निवली का पुन्हा कसा लागते." नवं गास्केट गरम होऊन दबतं, नट तेवढेच सैल होतात, म्हणून ही पुन्हा कसायची फेरी. ती फुकट असायची. तरी दहांतले दोन ड्रायव्हरही परत येत नसत. मालकाला गाडी रस्त्यावर हवी असायची. जे परत येत नसत त्यांची नावं मिस्त्री विसरत नसत. सहा महिन्यांनी भेटले तरी विचारायचे, "काय बे, कसायचं राह्यलं ना?"

जो नेहमी परत यायचा तो नामदेव ड्रायव्हर.

नामदेव तिशीचा, काटक, बोलायला हळू. तो चालवायचा त्या ट्रकनं तीन राज्यं पाहिली होती. ट्रक जागचा हलला नव्हता, राज्यंच बदलली. दारावरच्या नव्या रंगाखाली जुन्या नंबरांची अक्षरं पुसट दिसायची. मिस्त्री म्हणायचे, "महाराष्ट्र नवा हाय, गाडी जुनी हाय, अन् मालक लोकाईचं डोकं त्याच्यापेक्षा जुनं हाय." मालक गावातला वजनदार माणूस. त्याचं नाव मी इथं लिहीत नाही. लिहिलं तर तुम्ही नावावरच बोलत बसाल आणि मुद्दा राहून जाईल.

मिस्त्रींनी नामदेवाला एक युक्ती सांगितली होती. गोड्या पाण्याचा एक डबा केबिनमध्ये ठेवायचा. खारपाणपट्ट्यात गेलं की त्यातलंच पाणी गाडीला द्यायचं. नामदेव 'हाव चाचा' म्हणाला आणि डबा घेऊन गेला. पुढच्या फेरीनंतर मिस्त्रींनी करंगळी चाखली. पाणी खारं. मी तिथंच बसलो होतो.

"काऊन रे?"

नामदेव खाली बघत म्हणाला, "चाचा, जिथं कापूस भरतो ना, त्या घरी बाळंतीण हाय. तिची सासू दोन कोसावरून गोडं पाणी आणते. म्या डबा उघडला अन् थे म्हातारी नुसती पाहून राह्यली. आता तिच्यासमोर इंजिनाले कसं पाजू, तुमीच सांगा."

मिस्त्री उठले, मागे गेले, आणखी एक डबा धुऊन आणला. "हा तिचा," म्हणाले, "अन् हा गाडीचा. समजलं?" नामदेव हसला. पुढच्या खेपेला मिस्त्रींनी पुन्हा चाखलं. पुन्हा खारं. बाळंतिणीला शेजारीण होती, शेजारणीला लेकरं होती. मिस्त्री त्याला म्हणाले, "तुले मी चार डबे देल्ले तरी तू पाचवं घर शोधशीन, लेका." आणि रागावल्यासारखं करून तोंड फिरवलं. मी जवळून पाहिलं, ते रागावलेले नव्हते. संपूर्ण हंगामभर तो ट्रक असा खारं पाणी पीत राहिला, आणि त्याच्या वाट्याचं गोडं पाणी वरवट बकालच्या तीन-चार घरांत गेलं.

त्या हंगामात त्या ट्रकचं गास्केट दोनदा फुटलं. हेड आधीच तीन वेळा लेथवर घासून पातळ झालेलं. दुसऱ्या वेळी मिस्त्रींनी मालकाला निरोप धाडला: हेड बदला, रेडिएटर खोलून साफ करा, तोवर गाडी उभी ठेवा. मालकाचं उत्तर आलं, गास्केट टाका आणि सोडा. मिस्त्रींनी गास्केट टाकलं. तीन फेऱ्यांत नट आवळले. आणि भोगीच्या दिवशी सकाळी साडेनऊला मालक स्वतः शेडवर आला. चिखलीला सरकीची ढेप पोहोचवायची होती, म्हणजे बोथ्याचा घाट चढायचा होता.

पुढचं बोलणं मी ऐकलेलं नाही. मी त्या दिवशी शेगावला होतो. ऐकलं ते शेडमध्ये हजर असलेल्या पाच जणांनी. दोन ड्रायव्हर, मालकाचे मुनीम, टायरवाला आणि पानठेलेवाला. नामदेव तिथून जेवायला घरी गेला तेव्हा त्यानं ते सगळं बायकोला सांगितलं, आणि तिनं मला. मिस्त्री म्हणाले होते, "शेठ, गाडी रिकामी चालवा. दोन दिवस गावातल्या गावात. मंग मी पुन्हा कसतो. भरून घाट चढवू नका. हेडात जीव नाही." मालक म्हणाला, "मिस्त्री, तुम्ही डॉक्टर झाले काय?" मिस्त्री म्हणाले, "डॉक्टर नाही, पण मेलेलं वळखतो." मग मालक नामदेवाकडे वळला. "तू जातं का किल्ली देतं?" किल्ली द्यायची म्हणजे नोकरी सोडायची. नामदेवानं किल्ली दिली नाही.

दुपारी घाटाच्या मधल्या वळणावर वाफेचा लोट उठला, पाणी इंजिनात शिरलं आणि इंजिन बंद पडलं. भरलेला ट्रक हँडब्रेकला आवरला नाही. तो मागं घसरला. नामदेव उडी मारू शकला असता, असं पाहणारे म्हणतात. मागून माणसांनी भरलेली बैलगाडी येत होती. त्यानं शेवटपर्यंत स्टिअरिंग सोडलं नाही, ट्रक डोंगराच्या अंगाला घातला. बैलगाडी वाचली. नामदेव वाचला नाही.

दोन दिवसांनी, किंक्रांतीला, पोलीस ठाण्यात चौकशी झाली. मालक म्हणाला, मिस्त्रीनं नट नीट आवळले नाहीत. मिस्त्रींनी तोंडी सांगितलं की मी नको म्हटलं होतं, पाच जण होते, त्यांना विचारा. पाच जणांना विचारलं. एकाला आठवेना, एकानं त्या वेळी आपण बाहेर होतो म्हणून सांगितलं, उरलेल्यांनी मालकाकडं पाहिलं आणि नाही म्हणून मान हलवली. कागदावर लिहिलं गेलं की नट नीट आवळले गेले नव्हते हे मिस्त्रीस मान्य आहे. "इथं सही करा, मंग घरी जा," असं त्यांना सांगण्यात आलं. ते घरी गेले.

आणि मी? चौकशी संपते न संपते तोच मी शेगावहून परत आलो, मुनिमांनी स्टँडवरच गाठून सांगितलं, आणि मी सरळ खोलीवर जाऊन छपाईचे खिळे जुळवायला बसलो. रस्ता ओलांडून चाचांना विचारायला मला पन्नास पावलं चालायची होती. मी चाललो नाही. मथळा दिला: 'बेफिकीर मिस्त्रीच्या हातून श्रमिकाचा बळी'. पाचशे प्रती. संध्याकाळपर्यंत स्टँडवर, जिनिंगच्या फाटकावर, चहाच्या ठेल्यावर. मालकाविरुद्ध एक ओळ नव्हती त्यात. मी, जो रोज मालकांविरुद्ध लिहायचो! मिस्त्रींचं नाव दुसरं असतं, आपल्यातलं असतं, तर माझा इतक्या झटकन विश्वास बसला असता का? हा प्रश्न मी स्वतःला विचारतो आणि उत्तर मला आवडत नाही.

शेडवर ट्रक येणं थांबलं. आठवडाभरात थांबलं. मी रस्त्याच्या या बाजूनं रोज बघायचो. मिस्त्री सकाळी शेड उघडायचे, पाने पुसून रांगेत लावायचे, दुपारी पुसलेले पाने पुन्हा पुसायचे. मला वाटायचं, भोगताहेत केल्याची फळं. असं मला वाटायचं.

मग एक दिवस नामदेवाची बायको माझ्या खोलीत आली. हातात माझं पत्रक. बसा म्हटलं तर बसली नाही. "ज्या माणसानं माह्या नवऱ्याले नको जाऊ म्हणलं, त्याच्याच नावाचं छापलं तुमी? कोणं सांगतलं तुमाले? माह्याकडं आले होते काय इचाराले?" भोगीच्या दिवशी तीळ लावलेली बाजरीची भाकर खाता खाता नामदेव काय बोलला ते तिनं सगळं सांगितलं. डब्यांचंही सांगितलं. चौकशीत तिला कुणी बोलावलं नव्हतं. बोलावलं असतं तरी तिनं ऐकलेलं ऐकीव ठरलं असतं. जाताना ती म्हणाली, "खरं लिवा. डब्याचंबी लिवा. त्यानं पाणी देल्लं, चोरी नाही केली." म्हणून मी इथं लिहितो आहे.

ती गेल्यावर मी ती पन्नास पावलं चाललो. मिस्त्री ओट्यावर बसले होते. त्यांनी मला पाहिलं, सरकून जागा केली. "या पत्रकवाले." खिशातून घडी केलेला कागद काढला. माझंच पत्रक. "लोकाईनं सांगतलं काय लिवलं थे. पण ज्यानं लिवलं त्याच्या तोंडून ऐकाचं राह्यलं. वाचा."

मी म्हटलं, चाचा, राहू द्या.

"वाचा ना. लाज कायची? म्या सही केली त्यावर न वाचता. हे तरी वाचून घेतो."

मी वाचलं. पूर्ण वाचलं, मथळ्यापासून छापणाऱ्याच्या नावापर्यंत. आयुष्यात इतकं लांब काही वाचलेलं मला आठवत नाही. ते डोळे मिटून ऐकत होते. 'सैल नटांमुळे गास्केट फुटले' या वाक्याला त्यांनी हात वर केला.

"हे चुकलं तुमचं. नट सैल असले का गास्केट कडेनं जळते, काळं होते. चौकशीत म्या पाह्यलं थे गास्केट. मधात फुटलं होतं, दोन नळकांड्याच्या मधात. म्हणजे हेड वाकलं होतं. येवढं सुधरून घ्या. बाकी तुमची मर्जी."

एवढंच. माझ्याकडून त्यांना एवढीच दुरुस्ती हवी होती. मी विचारलं, चौकशीत हे का नाही सांगितलं? ते म्हणाले, सांगितलं, कुणी लिहिलं नाही. आणि खाऱ्या पाण्याचं? मिस्त्रींनी माझ्या हातातलं पत्रक घेऊन त्याची घडी घातली. "थे नाही सांगतलं. पाणी खारं होतं म्हणलं असतं, तर इचारलं असतं कोणं भरलं. नामदेवानं भरलं. मंग चूक त्याची झाली असती, अन् त्याच्या बायकोच्या पदरात काय पडलं असतं? आधीबी शेठले म्या डब्याचं नाही सांगतलं. त्याची नोकरी गेली असती." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आता वाटते सांगाले पायजे होतं. नोकरी गेली असती. माणूस राह्यला असता."

मी दुसरं पत्रक काढलं. माफीचं. त्याच्याही पाचशे प्रती. पहिलं लोकांनी हातातून ओढून नेलं होतं. दुसऱ्यात भजी बांधली गेली. पाचही जणांकडे मी गेलो. टायरवाला म्हणाला, "भाऊ, होऊन गेलं थे. आमाले इथंच राहाचं हाय." पानठेलेवाल्यानं मला पान दिलं आणि विषय बदलला. दोन्ही ड्रायव्हर अजून त्याच मालकाकडे आहेत. मुनिमांनी तर मला भेटायलाच नकार दिला. चौकशीचा कागद फायलीत होता तसाच राहिला, आणि त्याखालची उजवीकडून डावीकडे केलेली सहीही.

चैत्रात मिस्त्रींनी शेड सोडलं आणि ते लोणारला लेकीकडे गेले. ते निघाले तेव्हा मी स्टँडवर गेलो. सामान म्हणजे एक वळकटी आणि पान्यांची पेटी. "तिकडं काम मिळेल का?" मी विचारलं. "तिकडं तर आख्खं तळंच खारं हाय," ते म्हणाले. "मिस्त्रीले काय कमी?" एस.टी.नं सुटताना धक्का दिला तेव्हा त्यांचा हात सवयीनं खिडकीच्या चौकटीवर गेला आणि त्यांनी डोकं वाकडं करून इंजिनाचा आवाज ऐकला. मला हात करायचं त्यांच्या लक्षात राहिलं नाही.

मी एकदाच लोणारला गेलो. ते लेकीच्या घरासमोर स्टोव्ह दुरुस्त करत होते. रोज सकाळ-संध्याकाळ एस.टी. स्टँडवर जाऊन बसतात, असं लेकीनं सांगितलं. गाड्या ऐकायला. कधी एखाद्या ड्रायव्हरला जाऊन सांगतात, बाप्पा, याचं गास्केट जाऊन राह्यलं, आत पाणी उकळते, बुडबुड ऐक. बहुतेक ड्रायव्हर हसतात. एकानं विचारलं, "तुमीच काय थे घाटातले मिस्त्री?" त्यानंतर चार दिवस ते स्टँडवर गेले नाहीत, मग पुन्हा जाऊ लागले. म्हणाले, "त्याले हसू दे. गाडीत माणसं असतात."

पावसाळ्यानंतर पत्र आलं. लेकीनं कुणाकडून तरी लिहून घेतलं होतं. दोन ओळी. तापानं गेले. पेटी तुम्हाला हवी असेल तर घेऊन जा. मी पेटी आणली नाही. ती घ्यायचा मला काय अधिकार?

आता तुमच्याशी बोलतो. त्या भोगीच्या सकाळी शेडमध्ये हजर असलेल्या पाच जणांशी. हे पान तुमच्यापर्यंत पोहोचेल अशी व्यवस्था मी केली आहे, आणि तुमच्यापैकी चौघांना वाचता येतं. पाचव्याला कुणीतरी वाचून दाखवा. माझ्याकडे येऊ नका, मला सांगू नका; माझ्या लिहिण्यानं या माणसाचं काय झालं ते तुम्ही पाहिलं आहे. जिथं त्या दिवशी तुमच्या माना हलल्या त्याच टेबलापुढं जा. मालक काय करील याची भीती खरी आहे, मला ती कळते. नामदेवालाही ती कळली होती. जे पाच जणांत नव्हते पण या पाचांना ओळखतात, रोज त्यांच्याकडून पान घेतात, टायर भरून घेतात, त्यांनी उद्या सकाळी त्यांना फक्त एवढं विचारावं: तू गेलास का?

कागदावर लिहिलं आहे, मिस्त्रीची चूक. मिस्त्री काय म्हणाले होते ते तुम्ही स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे. जा आणि ते बोला.